मुकादम आज फिका

ठाण्याहून डोंबिवलीला जाऊन आलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहायचं म्हणजे अतिच झालं, असं शोभाचं, म्हणजे आमच्या सौ.चं म्हणणं. तिच्या मते प्रवासवर्णनाला निदान पासपोर्ट तरी लागावा. मी खोपटच्या एसटी स्टँडवरून निघालो आणि तिसऱ्या दिवशी तिथेच परत उतरलो. मधे घाट लागला नाही, समुद्र लागला नाही, भाषा तेवढी थोडी बदलली. तरीही लिहितो आहे. ठाण्यातली माणसं काश्मीर करून येतात, केरळ करून येतात, आणि विठ्ठलवाडी कुठे आली असं विचारलं की पंढरपूरच्या दिशेने हात दाखवतात. त्यांच्यासाठी हे.

खोपट, बुधवार

आधी थोडं सांगणं भाग आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत विखुरलेले आम्ही सात जण रोज संध्याकाळी ठरलेले काही तारे बघतो. आकाशात काही तारे असे असतात की त्यांचं तेज कमीजास्त होतं. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. असा तारा आज किती तेजस्वी आहे हे ठरवायला यंत्र लागत नाही. त्याच्या शेजारचे न बदलणारे तारे घ्यायचे आणि त्यांच्या मानाने आपला तारा कुठे बसतो हे डोळ्यांनी जोखायचं. या न बदलणाऱ्यांना आम्ही तुलनातारे म्हणतो. उत्तर आकड्यात येतं, त्याला प्रत म्हणतात, आणि आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. वर्गातल्या नंबरासारखं, पहिला तो पुढे.

सगळ्यांचे आकडे गोळा करून पुढे, जगभरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे पाठवायचं काम माझ्याकडे आहे. ते माझ्याकडे यावं हे साहजिकच होतं. नोकरीत मी पाण्याच्या मीटरच्या नोंदी तपासत असे. एखाद्या मीटरचं रीडिंग भलतंच आलं की ते खोडायचं आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी लावायची, असा आमचा रिवाज. तीस वर्षं तेच केल्यामुळे वेगळा आकडा दिसला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. ताऱ्यांच्या नोंदींचा तक्ता हातात आल्यावर मी पहिली सुधारणा केली ती म्हणजे शेवटचा ‘शेरा’ नावाचा रकाना काढून टाकला. लोक त्यात वाटेल ते लिहीत. कुणी ‘शेजारी लग्न आहे’ लिही, कुणी ‘डास’. तक्ता कसा स्वच्छ झाला, मला बरं वाटलं.

तर त्या आठवड्यात सोमवारी आम्ही गरुड तारकासमूहातला एक तारा बघितला. कोजागिरी होऊन गेलेली, चंद्र उशिरा उगवणारा, आकाश कधी नव्हे ते मोकळं. पाच जणांचा आकडा ४.१ च्या आसपास आला. एक जण गावाला गेलेला. आणि भोईर नानांचा आकडा आला ३.४.

भोईर नाना डोंबिवलीचे. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर, आमच्यात सगळ्यात जुने. चाळीस वर्षं ते तारे जोखतात. मी मात्र मंगळवारी सकाळी चहा पिता पिता ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, “नाना, हा आकडा वगळतो. डोळे एकदा दाखवून घ्या.” पुढे नमस्काराचे हात जोडले, म्हणजे सभ्यपणाही झाला. संध्याकाळी फोनवर एवढंच दिसलं की नाना ग्रुपमधून बाहेर पडले. म्हातारपणी माणसं हळवी होतात, असं मी शोभाला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हाला कोणी असं चारचौघांत सांगितलं असतं तर?” मी पेपर उघडला.

बुधवारी दुपारी ती बातमी आली. जपानातल्या एका हौशी माणसाने मंगळवारी संध्याकाळी गरुडाचा फोटो काढला आणि त्यात एक तारा जास्तीचा निघाला. नवतारा! इतका तेजस्वी नवतारा माणसाच्या हयातीत दोन-चार वेळाच वाट्याला येतो. मी सहा वाजल्यापासून गच्चीवर जाऊन बसलो. दिवाळीची साफसफाई चाललेली असल्यामुळे गच्चीभर गाद्या पसरलेल्या होत्या. त्या ओलांडत, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, समोरच्या डेपोच्या दिव्यांवर हाताचा आडोसा धरून मी दुर्बीण रोखली.

आणि तो होता. जिथे परवापर्यंत काही नव्हतं तिथे पिवळसर पांढरा, ठसठशीत ठिपका. मला हसू यायला लागलं. गाद्या गोळा करायला आलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “पाहुणा आला.” त्यांनी जिन्याकडे बघितलं.

पहिल्यांदा आठवले ते नाना. असा तारा दिसला की नानांना कळवायचं, ही माझी बारा वर्षांची सवय. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. तारा डोळ्यांसमोर आणि सांगायला माणूस नाही, हे मला अजिबात आवडलं नाही.

विठ्ठलवाडी, गुरुवार

वैशाली जाधव आमच्या ग्रुपमधली सगळ्यात काटेकोर निरीक्षक. उल्हासनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्त तपासते आणि विठ्ठलवाडी स्टेशनजवळ राहते. तिच्या गच्चीवरून नैऋत्य मोकळी दिसते, म्हणून तिने बोलावलं होतं. मुक्कामाला कल्याणात माझे साडू आहेतच. मी खोपटहून कल्याणची एसटी पकडली.

दुर्बिणीच्या तिवईसाठी शोभाने जुन्या पडद्याच्या कापडाची लांब पिशवी शिवून दिली आहे. कंडक्टरने त्या पिशवीकडे संशयाने बघितलं.

“काका, हे काय? भाला नेताय?”

“तिवई आहे. दुर्बीण ठेवायची.”

“कल्याणला दुर्बिणीतून काय बघणार?”

“तारा.”

“कल्याणला? मला तिथे समोरची गाडी दिसत नाय धुळीने.” पण उतरताना त्यानेच विचारलं, कुठल्या बाजूला बघायचं आणि किती वाजता. सात वाजता त्याची परतीची फेरी होती. मी म्हटलं, डेपोत पोचलात की डोक्यावरून थोडं खाली, नैऋत्येला. त्याने तिकिटाच्या मागे तसं लिहून घेतलं.

कल्याणला उतरून टपरीवर चहा घेतला आणि तो नेमका ताऱ्यांच्या नकाशावर सांडला. गरुड पूर्ण भिजला. अर्ध्या आकाशावर डाग घेऊन मी रिक्षाने वैशालीकडे पोचलो.

वैशालीचं घर दुमजली चाळीत. दोन खोल्या, त्यात ती, नवरा आणि सासूबाई. कपाटावर निळ्या कापडावर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्या शेजारी वैशालीची दुर्बीण, दोन्ही सारख्याच निगुतीने पुसलेल्या. आमच्याकडे पाहुण्याला “चहा घेणार का?” असं विचारायची पद्धत आहे. त्यात नाही म्हणायला जागा ठेवलेली असते. इथे कुणी काही विचारलं नाही. मी बसलो आणि समोर ताट आलं. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि पाट्यावरचा खरडा. खरड्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, आणि सासूबाई समाधानाने म्हणाल्या, “आता तारे चांगले दिसतील.”

जेवता जेवता त्यांनी विचारलं, “हा नवा तारा म्हणजे जन्माला आला का?”

“नाही हो आई,” वैशाली म्हणाली. “जुनाच आहे. दोन ताऱ्यांची जोडी असते. त्यातला छोटा असतो ना, तो मोठ्याचं ओढून ओढून स्वतःवर जमवतो. लई वर्षं. मग एक दिवस भडका उडतो. तेव्हा आपल्याला दिसतो.”

“म्हणजे होताच तो. लोकांना आत्ता दिसला.”

“हो.”

“मग नवा कशाला म्हणायचं त्याला?” सासूबाईंनी मला विचारलं.

सातला आम्ही गच्चीवर गेलो. स्टेशनच्या दिव्यांचा उजेड एका अंगाला, पण नैऋत्य खरंच मोकळी होती. नवतारा आदल्या दिवसापेक्षा तेजाने चढला होता. आम्ही दोघांनी आपापले आकडे लिहिले. वैशालीने तिचा कोरडा नकाशा टॉर्चच्या लाल उजेडात धरला आणि सोमवारचे आकडे मागितले. मी नानांचा आकडा गाळून बाकीचे वाचले.

“आणि नानांचा?”

“तो वगळला. पाऊण प्रतीचा फरक होता. वय झालं त्यांचं.”

वैशालीने टॉर्च विझवला. अंधारात तिचा आवाज जरा चढला.

“काका, राग नका मानू. आमच्या लॅबमध्ये रीडिंग वेडंवाकडं आलं ना, तर लगेच पेशंटला आजारी ठरवत नाय. आधी कंट्रोल बघतात.”

“कंट्रोल म्हणजे?”

“ज्याचं उत्तर आधीच माहिती असतं तो नमुना. तोच जर उलटासुलटा आला, तर लोचा दुसरीकडेच असतो. नानांचा कंट्रोल तुम्ही बघितलेला का?”

नानांचा कंट्रोल म्हणजे तुलनातारा. नानांनी सोमवारी कुठला वापरला होता ते त्यांच्या मेसेजमध्ये होतं. नेहमीचाच, ४.४ चा. मी दुर्बीण पुन्हा वर केली. आमच्या रूपविकारी ताऱ्यापासून त्या तुलनाताऱ्याकडे सरकायला लागलो आणि वाटेतच थांबलो. वाटेवर, तुलनाताऱ्याच्या अलीकडे जेमतेम दीड बोटावर, नवतारा उभा होता.

नवशिका माणूस प्रत्येक वेळी नकाशा बघतो. चाळीस वर्षांनंतर नाना नकाशा बघत नाहीत. एका ताऱ्यापासून निघायचं, या दिशेला पहिला ठळक भेटेल तो तुलनातारा, अशी त्यांच्या हाताची सवय. सोमवारी त्या वाटेवर पहिला भेटला तो दुसराच कुणी असेल तर? अशी चूक करायला चाळीस वर्षांचा सराव लागतो. मी किंवा वैशाली ती करूच शकलो नसतो.

भिजलेल्या नकाशाच्या मागे मी हिशेब मांडला. नानांनी आपला तारा तुलनाताऱ्यापेक्षा एक प्रत तेजस्वी ठरवला होता. ४.४ मधून एक गेला, ३.४ उरला. पण आपला तारा खरोखर ४.१ होता, हे बाकी पाच जणांनी सांगितलंच होतं. तेव्हा नानांनी ज्याच्याशी तुलना केली तो असणार ५.१ चा. दुसऱ्या दिवशी जपानात तो तारा ४.३ ला सापडला. चढत चाललेला नवतारा आदल्या संध्याकाळी असायला हवा तिथेच हा आकडा बसत होता.

“म्हणजे नानांनी एक दिवस आधी...” वैशाली म्हणाली.

मला खरडा खाल्ल्यावर आला नव्हता तेवढा घाम आला. ज्याचे डोळे गेले असं मी सगळ्यांना सांगितलं, त्यानेच तो बघितला होता. पण हे सगळं आमचं अनुमान. पुरावा म्हणून नानांची वही बघायला हवी, कारण नाना आकड्याशिवायही काही लिहून ठेवतात. ते ग्रुपवर येत नव्हतं, कारण ते लिहायचा रकाना मी काढून टाकला होता.

“उद्या मी जातो डोंबिवलीला,” मी म्हटलं.

“मी पण येते. एकटे गेलात तर पुन्हा काहीतरी बोलून बसाल.”

डोंबिवली, शुक्रवार

वैशालीची ड्युटी संपल्यावर आम्ही निघालो. नाना पश्चिमेला, खाडीच्या अंगाला राहतात. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते आणि बाजूला त्यांची थोडी भातशेती होती. नानांनी पुढे एका केमिकल कंपनीत बॉयलरवर नोकरी केली. त्या शेतावर आज सात मजल्यांची इमारत आहे. तिला नानांच्या आईचं नाव दिलं आहे आणि वरची गच्ची कागदोपत्री नानांची आहे. जमीन देताना त्यांनी बिल्डरकडे पैशांआधी गच्ची मागितली होती, असं तिकडे अजून सांगतात.

गेटपाशी पोचलो तर वॉचमन आमच्याकडे दुर्बिणीतून बघत होता. मला आधी गंमत वाटली. मग दुर्बिणीचा पट्टा दिसला. एका बाजूला तुटलेला आणि बुटाच्या नाडीने बांधलेला. ती नाडी मीच एकदा बांधून दिली होती.

“ही नानांची दुर्बीण आहे ना?” मी विचारलं.

“हां, नानांनी दिली. काल.” वॉचमन खूश होता. “बोलले, मला आता काय करायची. लई भारी आहे साहेब. नाक्यावर कोण डबल पार्किंग करतो, नंबरासकट दिसतं.”

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी चपला बघत राहिलो.

पाचव्या मजल्यावर दार नानांच्या सुनेने उघडलं. नाना हॉलमध्ये टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही बंद होता. वैशालीला बघून त्यांचा चेहरा उजळला, मला बघून तो जागच्या जागी राहिला.

“ये बाय, बस. तू पन बस, करंदीकर. कवा निंगाला ठान्याशी?”

मी आल्या आल्या माफी मागायची असं पाठ करून गेलो होतो. पण त्या घराचा कायदा वेगळा आहे. तिथे आधी जेवतात, मग बोलतात. साडेपाच वाजले होते आणि सुनेने ताटं मांडली होती. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आणि निवट्यांचं कालवण. मी मासे खातो, पण पापलेट-सुरमईच्या पुढे माझी कधी मजल गेलेली नव्हती. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा बोटाएवढा मासा. मी ताटातल्या एका निवटीकडे बघत राहिलो तसे नाना पहिल्यांदा हसले.

“तिचे डोले बग. पार डोक्यावर. चिखलात बसून वर बगते. आपले सारकी.”

ती खाल्ल्यावर मी दुसरी मागून घेतली. इतकं चवदार कालवण मी ठाण्यात खाल्लेलं नाही, आणि हे मी शोभासमोरही लिहायला तयार आहे.

हात धुऊन झाल्यावर मी म्हटलं, “नाना, सोमवारच्या आकड्याबद्दल...”

“ते झाला रे.” नानांनी टीव्हीवरून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. “तू बोललास म्हनून बुधवारी डाक्टरकडे गेलो. त्यानं दोनी डोले तपासले. बोलला, बेस हायेत, मोतीबिंदूचे ऑपरेशनचे डोले फसकलास बसलेत. घरी आयलो आनि इचार केला. डाक्टरला काय ठाव? त्यानं कवा तारे बघितलेत? करंदीकर बोलला तेच खरा. दुर्बीन देऊन टाकली.”

डॉक्टरच्या कागदापेक्षा माझा एका ओळीचा मेसेज त्यांनी खरा धरला होता. मला खूप लाज वाटली. पाकीट न उघडताच परत ठेवलं.

“नाना,” मी म्हटलं, “माझं चुकलं. तुमचे डोळे नाही चुकले, मी चुकलो. सोमवारची वही दाखवता का?”

नानांनी शोकेसच्या खणातून वही काढली. शाळेची दोनशे पानी वही, हाताने आखलेले रकाने. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद, आणि वर सुबक अक्षरात ‘शेरा’. सोमवारची ओळ वैशालीने बोटाने शोधली. आकडा ३.४, आणि पुढे लिहिलं होतं:

‘मुकादम आज फिका. बरा नसेल.’

“मुकादम कोण?” वैशालीने विचारलं.

नाना जरा ओशाळले. “ते माझा आपला. नकाशावरचे नंबर माझे ध्यानात राहात नाय. मिठागरावर मुकादम असायचा, बापाबरोबर मी जायचो तवा. बांधावर खुर्ची टाकून बसायचा, जागचा हालायचा नाय. कुनी कवा आयला, कोन कुठं उभा हाय, सगला त्याच्यावरून ठरायचा. म्हनून त्या तुलनाताऱ्याला मी मुकादम बोलतो. सोमवारी बघितला तर फिका दिसला. मना वाटला, हवेत काय तरी असल. मुकादम कसा फिका होईल?”

वैशालीने आणि मी एकमेकांकडे बघितलं. मग तिने सगळं सांगितलं. जपानचा फोटो, वाटेवर उभा राहिलेला नवतारा, ४.१ आणि ५.१. नाना ऐकत होते. मधेच त्यांनी वही मांडीवर घेतली आणि ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. मग डोळे पुसले, चष्मा न काढताच, खालून बोट घालून.

“म्हंजे तो मुकादम नव्हता.”

“नव्हता. तुम्ही नवताऱ्याला बघितलंत. सापडायच्या एक दिवस आधी,” मी म्हटलं.

“नाय रे. सापडला तो त्या जपानवाल्याला. त्यानं वलकला. मना नुसता दिसला.” मग थोडं थांबून म्हणाले, “पन दिसला. डोले बेस हायेत माझे.”

“बेस आहेत, नाना.”

“मग दुर्बीन आना ती खालून!”

वॉचमनने ती नाराजीनेच परत दिली, आणि बदल्यात तारा दाखवायचा वायदा घेतला. सातला आम्ही गच्चीवर होतो. कारखान्यांच्या बाजूला आभाळ नारिंगी दिसत होतं, पण खाडीकडे काळोख बरा होता. आम्ही ठाणेकर उभं राहून, मान मोडून तारे बघतो. वैशाली खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवते. नानांची गच्चीवर सुंभाची खाट आहे. ते तिच्यावर आडवे झाले, कोपरं छातीशी धरली, आणि दुर्बीण अशी स्थिर झाली की माझी तिवई पिशवीतून काढायची मला लाज वाटली.

“हा मुकादम,” खाटेवरून आवाज आला. “आपले जागेवर हाय. आनि हा... आयला! हा तर लई चढला.”

खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं आणि वॉचमन नंबराशिवायच त्याच्यावर ओरडत होता. मी इतका समाधानी फार दिवसांत नव्हतो.

आमचा नियम असा की बघताना कुणी आकडा उच्चारायचा नाही. एकाचा ऐकला की दुसऱ्याचा डोळा तिकडे झुकतो. ज्याने त्याने आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि मग सगळ्या एकदम उघडायच्या. आम्ही तिघांनी लिहिलं. वैशालीने लाल उजेडात चिठ्ठ्या उघडल्या. नाना, ३.६. वैशाली, ३.७. मी, ३.१.

वैशालीने माझी चिठ्ठी दोनदा बघितली. चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. दोन दिवस मी त्या ताऱ्यामागे फिरत होतो. तो तेजस्वी असावा असं मला फार वाटत होतं, आणि मी तेच लिहिलं. माझा हात चिठ्ठीकडे गेला. पेन वैशालीच्या हातात होतं, ते मागायला मी बोट पुढे केलं.

“करंदीकर,” नाना खाटेवर उठून बसले, “तुजा आकडा वगलू काय? डोले दाखवून घे एकदा.”

वैशाली इतकी हसली की टॉर्च खाली पडला. मीही हसलो, पण कान गरम झाले होते. नानांनी वही मागवली, मांडीवर ठेवली आणि स्वतःच्या हाताने तिन्ही आकडे लिहिले. माझा ३.१ न खोडता, न बदलता, इतर दोघांच्या बरोबरीने. शेवटच्या रुंद रकान्यात माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं, ‘पाहुणा. उभ्याने बघितला. खुशीत होता.’

“असा लिवायचा असतो,” ते म्हणाले. “आकडा चुकला तर चुकला. का चुकला ते पुढच्याला समजला पायजे.”

पुन्हा खोपट, शनिवार

नानांची सोमवारची नोंद, शेऱ्यासकट आणि मुकादम कोण हे समजावून सांगून, मी साडूंच्या घरूनच पुढे पाठवली. ती स्वीकारल्याचं उत्तर सकाळी आलं. खोपटला उतरलो तेव्हा डेपोत गुरुवारचा तोच कंडक्टर भेटला. “दिसला ओ काका,” तो म्हणाला, “म्हणजे तोच असावा.” मी म्हटलं, लिहून ठेवा.

घरी येऊन आधी तक्ता उघडला आणि ‘शेरा’चा रकाना जागेवर घातला, चांगला रुंद. नानांना पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं आणि मंगळवारी जिथे लिहिलं होतं तिथेच, सगळ्यांदेखत, माझं चुकलं असं लिहिलं. शोभाने ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि चहा ठेवला.

साडेसातला फोन वाजला. नवीन रकान्यातली पहिली नोंद डोंबिवलीची होती. रूपविकारी ताऱ्याचा आकडा, नवताऱ्याचा आकडा, आणि पुढे शेरा:

‘मुकादम बरा आहे.’